दोन गिटार, दोन ड्रम, ४५ वर्षं

मार्च १९६९. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिलमध्ये सहा तरुणांनी ऑलमन ब्रदर्स बँड उभा केला. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग ऑर्गनवर आणि गायला, बेरी ओकली बेसवर, बुच ट्रक्स आणि जेमो ड्रमवर. जेमो कृष्णवर्णीय, बाकी पाच गोरे. वंशभेदाचे कायदे जेमतेम हटलेल्या दक्षिणेत असा बँड घेऊन गावोगाव फिरणं हीच मोठी हिंमत होती. लवकरच त्यांनी जॉर्जियातल्या मेकनमध्ये बस्तान बसवलं.

ब्लूज, कंट्री आणि जेमोच्या आवडीचा जॅझ त्यांनी एकत्र आणला. ड्वेन सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तारांवरून सरकवायचा; हेच स्लाइड वादन. सूर न तुटता मींडेसारखा घसरत जायचा. ‘व्हिपिंग पोस्ट’ ऐका. ओकलीचा बेस अकरा मात्रांचं आवर्तन धरतो, तीन-तीन-तीन-दोन, आणि त्यावर एकेक वाद्य चढत जातं. स्टुडिओत पाच मिनिटांचं असलेलं हे गाणं मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये सुमारे २३ मिनिटं रंगलं. त्या मैफलींचा अल्बम जुलैत आला आणि बँडचं नाव झालं.

२९ ऑक्टोबर १९७१ला मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ओकलीही तसाच, तिथून जवळच. दोघंही चोविशीतले.

इथे या बँडचं मोठेपण दिसतं. ड्वेनची नक्कल करणारा गिटारवादक त्यांनी शोधला नाही. चक लेव्हेलला पियानोवर घेतलं आणि बेट्सच्या गिटारला आता पियानो जवाब देऊ लागला. बेसवर लमार विल्यम्स आला. १९७३च्या ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’मधलं बेट्सचं ‘रॅम्बलिन मॅन’ अमेरिकी यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.

मग यश, पैसा आणि अमली पदार्थ यांनी घर पोखरलं. अमली पदार्थांच्या खटल्यात ग्रेगने बँडच्याच कर्मचाऱ्याविरुद्ध साक्ष दिली आणि १९७६मध्ये सगळे पांगले. १९७९मध्ये नवा अल्बम आला, पण १९८२मध्ये पुन्हा फाटाफूट झाली.

खरी उभारी १९८९मध्ये आली. वॉरन हेन्स गिटारवर, अ‍ॅलन वुडी बेसवर. वुडीनंतर ओटील बरब्रिज आला. १९९९मध्ये बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स विसाव्या वर्षी दाखल झाला. सरोदवादक अली अकबर खाँ यांचं वादन मनापासून ऐकलेला हा मुलगा ड्वेनचीच स्लाइड वाजवी, पण स्वतःच्या सुरात. २०००मध्ये मात्र बेट्सला दूर केलं गेलं. स्थापनेपासूनचा हा साथीदार आणि उत्तम गीतकार असा जावा, हा या इतिहासातला सर्वांत कटू भाग.

२८ ऑक्टोबर २०१४ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधली शेवटची मैफल मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. २०१७मध्ये बुच आणि ग्रेग गेले, २०२४मध्ये बेट्स.

एखाद्या घराण्यात गुरू जातो पण गायकी राहते, तसं इथे झालं. एकमेकांचं ऐकत वाजवायचं, ही शिस्त माणसांपेक्षा जास्त टिकली. पडताळा घ्यायचा तर ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’, ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ आणि २००३चा ‘हिटिन द नोट’ याच क्रमाने ऐका. संच तीन आहेत, बँड एकच.