सात कोटी तीस लाखांत एक

१९९९ साली इंग्लंडमधल्या चेस्टरच्या न्यायालयात सॅली क्लार्क या सॉलिसिटर बाईंवर आपल्याच दोन तान्ह्या मुलांच्या खुनाचा खटला चालला. थोरला अकरा आठवड्यांचा होऊन गेला होता, धाकटा आठ. नामांकित बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो साक्षीला आले आणि त्यांनी ज्युरीपुढे एक आकडा ठेवला. अशा सुखवस्तू घरातली दोन्ही बाळं खून वगैरे काही नसताना, झोपेतल्या झोपेत अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक.

एवढा आकडा कुणाच्या डोळ्यांसमोर उभा राहणार? म्हणून मेडोंनी घोड्यांच्या शर्यतीचा दाखला दिला. ग्रँड नॅशनलमध्ये ऐंशीला एक भाव असलेल्या घोड्यावर पैसे लावायचे, तो जिंकायचा, आणि असं ओळीनं चार वर्षं घडायचं. गंमत म्हणजे ऐंशीचा चार वेळा गुणाकार केला तर ४ कोटी ९ लाख ६० हजारच होतात. घोडा सात कोटींपर्यंत पोचतच नाही. पण कोर्टात घोडा लक्षात राहतो, गुणाकार कोण करून बघतो? ब्रिटनमध्ये असं शंभर वर्षांतून एकदा घडेल, असंही ज्युरीला सांगितलं गेलं. बारापैकी दहा जणांनी बाईंना दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली.

आता हा आकडा शिजला कसा ते बघू. अर्भकमृत्यूंच्या एका सरकारी पाहणीत सर्वसाधारण प्रमाण १,३०३ बाळांत एक असं होतं. घरात कुणी सिगारेट ओढत नाही, कमावतं माणूस आहे आणि आई सव्वीसच्या पुढची आहे, अशा घरांपुरतं ते ८,५४३ त एक निघालं. मेडोंनी ही दुसरी ओळ उचलली आणि ८,५४३ ला ८,५४३ नेच गुणलं. उत्तर ७,२९,८२,८४९. त्याच तक्त्यातली पहिली ओळ घेतली असती तर उत्तर आलं असतं सुमारे १७ लाखांत एक. नुसती ओळ बदलली की आकडा त्रेचाळीस पट फुगतो. शिवाय धोका कमी करणाऱ्या गोष्टी तेवढ्या वेचल्या गेल्या. दोन्ही बाळं मुलगे होते आणि मुलग्यांत असे मृत्यू जास्त होतात, ही बाब हिशेबात आलीच नाही.

खरी गोम गुणाकारात आहे. दोन शक्यतांचा असा गुणाकार करायचा तर दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध असता कामा नये. इथे तर आईबाप तेच, रक्त तेच, घर तेच. सॅलफर्ड विद्यापीठातले गणिती रे हिल यांनी नंतर हिशेब मांडला, की एक बाळ असं गेलेल्या घरात दुसरं जाण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात एक धरता येते. म्हणजे १,३०३ च्या शंभरपट, सुमारे १ लाख ३० हजार घरांत एक. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला साधारण साडेसहा लाख बाळं जन्माला येत. शंभर वर्षांतून एकदा म्हणून सांगितलेली गोष्ट या हिशेबानं वर्षाला पाच घरांत घडू शकते.

तरी आपण मेडोंचाच आकडा बरोबर धरू. तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न असा: निर्दोष घरात हे किती वेळा घडेल? ज्युरीला मात्र उत्तर ऐकू आलं ते असं, की ही बाई निर्दोष असण्याची शक्यता सात कोटींत एक. दोन वाक्यं कानाला सारखी लागतात आणि त्यांच्यात जन्मठेपेएवढं अंतर आहे. दोन बाळं दगावणं दुर्मीळ आहेच, पण ती दगावलेलीच होती. मग तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं? आईनं दोन्ही बाळांना मारण्याची शक्यता. संख्याशास्त्रज्ञ फिलिप डेव्हिड यांनी तेच केलं. १९९६ साली इंग्लंड-वेल्समध्ये ६,४२,०९३ बाळं जन्मली आणि पहिल्या वर्षात सात बाळांचे खून नोंदले गेले. म्हणजे साधारण ९२ हजारांत एक. मेडोंच्याच रीतीनं याचाही वर्ग करा: जवळजवळ ८४१ कोटींत एक. या मापानं दुहेरी खून दुहेरी नैसर्गिक मृत्यूपेक्षा एकशेपंधरा पटींनी दुर्मीळ ठरतो. हा गुणाकार मेडोंच्या गुणाकाराइतकाच कच्चा आहे, पण ज्युरीला दोहोंपैकी एकच ऐकवला गेला.

२००१ च्या ऑक्टोबरात रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रात आधार नसल्याचं सांगितलं. जानेवारी २००३ मध्ये बाई सुटल्या. ते घडलं मुख्यतः धाकट्या बाळाच्या जंतूंच्या तपासण्यांचा अहवाल दडवला गेल्याचं उघडकीला आल्यामुळे. आकड्यावर न्यायालयानं ताशेरे ओढले खरे. चार वर्षांनी त्या वारल्या.

त्या दोन वाक्यांच्या गल्लतीचा अभ्यास या खटल्याच्या आधीपासून चालू होता. विल्यम थॉम्पसन आणि एडवर्ड शूमन यांनी १९८७ मध्ये या चुकीला सरकारी वकिलाची चूक असं नावच दिलं. त्याच निबंधात बचावाच्या वकिलाचीही एक चूक सांगितली आहे: गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या नमुन्याशी जुळणारी आणखी माणसं शहरात निघतील, तेव्हा हा पुरावा कुचकामी. मला पहिल्या चुकीची भीती अधिक वाटते, कारण तिच्यामागे पुष्कळ शून्यं उभी असतात.

शून्यं उतरवायचा उपाय तसा सोपा आहे: शक्यता न सांगता माणसं मोजून दाखवायची. अमेरिकेतले जोनाथन कोलर यांनी प्रयोग करून दाखवलं, की डीएनए योगायोगानं जुळण्याची शक्यता ०.१ टक्का असं ऐकलेली माणसं शहरातल्या हजारांत एकाचा नमुना असाच जुळेल हे ऐकलेल्यांपेक्षा आरोपीला दोषी मानायला लवकर तयार होतात. गणित तेच. इंग्लंडच्या अपील न्यायालयानं १९९६ मध्ये डोहेनी खटल्यात हाच रस्ता धरला. डीएनए दहा लाखांत एकाशी जुळत असेल, तर आरोपी देशातल्या अशा साधारण सव्वीस पुरुषांपैकी एक आहे, असं ज्युरीला सांगा. दहा लाखांत एक म्हटलं की फास दिसतो. सव्वीस म्हटलं की बाकीचे पंचवीस कोण, असं विचारावंसं वाटतं.

त्याच सुमाराचा ॲडम्स खटला मात्र वेगळ्या वळणानं गेला. बलात्काराचा आरोप, डीएनए जुळण्याची शक्यता सरकारच्या मते २० कोटींत एक. बचावाचं म्हणणं, ती २० लाखांत एकही असू शकते. समजा, गुन्हा करू शकले असते असे दोन लाख पुरुष आसपास राहतात. पहिल्या आकड्यानं त्यांच्यात योगायोगानं जुळणारा माणूस निघण्याची शक्यता हजारात एक, दुसऱ्यानं दहात एक. त्यात पीडितेनं ओळखपरेडमध्ये आरोपीला ओळखलं नव्हतं आणि तो त्या रात्री आपल्याबरोबर होता असं त्याची मैत्रीण सांगत होती. बचावाकडून आलेल्या पीटर डॉनेली यांनी हे सारे पुरावे आकड्यांत कसे मांडायचे आणि एकमेकांशी कसे गुणायचे ते ज्युरीला शिकवलं. फेरखटल्यात तर ज्युरीला भरायला प्रश्नावली दिली गेली. दोन्ही वेळा ॲडम्स दोषी ठरला. अपील न्यायालयानं ज्युरीला सूत्रं शिकवायला मनाई केली: बारा माणसांनी पुरावा सूत्रानं तोलायचा नाही, एकत्र बसून आपल्या व्यवहारज्ञानानं तोलायचा. त्या व्यवहारज्ञानापुढे २० कोटींचा आकडा मात्र पुराव्यात होता तसाच राहिला.