भूमिकेचे खेळ : समोरासमोर खेळवावेत की ऑनलाइन?



मागच्या पालक सभेनंतर एका आईने मला दारातच गाठलं. "बाई, आधीच पोराच्या हातातला मोबाइल सुटत नाही, आणि आता तुम्ही खेळसुद्धा मोबाइलवर खेळवताय?" प्रश्न अगदी रास्त होता. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवीची पाच मुलं माझ्याबरोबर तासभर एक खेळ खेळतात आणि गेल्या काही महिन्यांपासून त्यातला थोडा भाग फोनवरून होतो. त्या आईला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून आज हा विषय सविस्तर पाहू.

हा खेळ नेमका काय आहे?

इंग्रजीत याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. आपण सोयीसाठी 'भूमिकेचा खेळ' म्हणू. यात एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो : "संध्याकाळ झाली आहे. तुम्ही गडाच्या दरवाजाशी पोचलात. दरवाजा बंद आहे, आत कुणीतरी खोकतंय. काय कराल?" बाकीची मुलं एकेक पात्र घेतात. कुणी वैद्य, कुणी वाटाड्या, कुणी हेर. आपलं पात्र काय करेल ते प्रत्येकाने सांगायचं. जे सहज जमण्यासारखं आहे ते जमतं. जिथे शंका आहे, उदाहरणार्थ तटावर चढणं, तिथे फासा टाकायचा. आकडा पुरेसा मोठा आला तर जमलं, नाहीतर गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे जाते. इथे कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. गोष्ट सगळ्यांची मिळून तयार होते.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, एवढंच त्याचं स्वरूप होतं. त्याआधी तिथले हौशी लोक टेबलावर छोटे सैनिक मांडून लढायांचे खेळ खेळत. या दोघांनी सैन्याच्या जागी प्रत्येक खेळाडूला एकच माणूस दिला आणि लढाईच्या जागी गोष्ट आली. खेळात ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे वापरतात. पैकी २० बाजूंचा फासा सगळ्यात जास्त लागतो.

ऑनलाइन साधनं काय करतात?

हा खेळ दूर राहून खेळण्याची कल्पना नवी नाही. घरोघरी संगणक येण्याआधी काही लोक टपालानेही असे खेळ खेळत. आज त्यासाठी खास संकेतस्थळं आणि प्रोग्रॅम आहेत. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ पासून आहे, 'रोल२०' २०१२ पासून आणि 'फाउंड्री' २०२० पासून. बोलण्यासाठी बरेच जण 'डिस्कॉर्ड' किंवा नेहमीचा व्हिडिओ कॉल वापरतात. २०२० च्या टाळेबंदीत घरात अडकलेले कितीतरी गट याच मार्गाने खेळत राहिले.

या साधनांत पडद्यावर नकाशा दिसतो आणि त्यावर आपल्या पात्राची सोंगटी सरकवता येते. नकाशाचा जो भाग पात्राने अजून पाहिला नाही तो सूत्रधार झाकून ठेवू शकतो. बटण दाबलं की फासा पडतो आणि बेरीजसुद्धा तयार मिळते. पात्राची माहिती जतन होते, त्यामुळे वही घरी राहिली असं होत नाही. एखाद्यालाच गुपचूप निरोप पाठवता येतो.

हे सगळं सोयीचंच आहे. पण शिक्षक म्हणून आपला प्रश्न वेगळा असतो. ही सोय मुलाच्या हातून कुठलं काम काढून घेते, हे आपण पाहायला हवं.

समोरासमोर खेळताना काय मिळतं?

पहिली गोष्ट गणित. आमच्याकडे २० बाजूंचा फासा नव्हता. आम्ही १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. नियम एकच, काढलेली चिठ्ठी परत डब्यात गेली पाहिजे. एकदा एकाने ती खिशात ठेवली, तेव्हा "असं केलं तर काय बिघडेल?" यावर दहा मिनिटं चर्चा झाली. १९ चिठ्ठ्या उरल्या की प्रत्येकीची शक्यता बदलते, हे मुलांनी स्वतः शोधलं.

पुढचं उदाहरण बघा. तट चढायला १५ हवेत. वाटाड्याला चढाईचे ३ गुण जास्तीचे आहेत. म्हणजे चिठ्ठी १२ किंवा त्याहून मोठी यायला हवी. १२ ते २० हे ९ आकडे झाले, म्हणजे २० पैकी ९, अर्थात ४५ टक्के. आता मित्राने दोर धरला, तर दोनदा चिठ्ठी काढून मोठा आकडा घ्यायचा. शक्यता किती झाली? वर्ग एका सुरात म्हणतो, "दुप्पट! ९० टक्के!" मग आपण विचारायचं, की दोन्ही वेळा फसण्याची शक्यता किती? एकदा फसण्याची २० पैकी ११. दोन्हीदा फसण्याची ४०० पैकी १२१. उरले २७९, म्हणजे जवळपास ७० टक्के. मदतीने फायदा होतो पण दुप्पट होत नाही, हे त्या दिवशी मुलांना पटलं. पडद्यावर बटण दाबून तयार उत्तर आलं असतं तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

दुसरी गोष्ट बोलणं. टेबलाभोवती एक मूल सूत्रधाराशी बोलत असतं, तेव्हा बाकीची दोघं हळूच कट रचत असतात. मान डोलते, डोळे मोठे होतात, कुणीतरी तोंडावर हात ठेवून हसतं. कॉलवर एका वेळी एकाचाच आवाज नीट ऐकू येतो. आवाज पोचायला क्षणभर उशीर झाला की दोघं एकदम बोलतात आणि दोघंही थांबतात. सगळ्यात धीट मूल पुन्हा सुरुवात करतं, दुसरं गप्प बसतं. आपली पाळी येण्याची वाट कशी बघायची आणि दुसऱ्याचं बोलणं कसं पुढे न्यायचं, हे शिकायला समोरासमोर बसणंच बरं.

तिसरी गोष्ट साधेपणा. पेन्सिल, पाठकोरे कागद, चिठ्ठ्यांचा डबा. वीज गेली तरी खेळ चालू राहतो. शिवाय खेळ आपल्या भाषेत, आपल्या परिसरात नेता येतो. आमच्या गोष्टीत गड आहे, घाट आहे, बंद पडलेली एसटीसुद्धा आहे!

मग ऑनलाइन कशाला?

कारण यंदा दिवाळीनंतर आमच्यातल्या एका मुलीच्या वडिलांची बदली झाली. ती नागपूरला गेली. गोष्ट अर्धवट होती आणि गटातली हेर तीच होती. मुलं म्हणाली, "बाई, तिचं पात्र मारू नका."

आधी मी हौसेने सगळं तंत्र वापरायला गेले. नकाशा चढवला, सोंगट्या केल्या. तासातली चाळीस मिनिटं "दिसतंय का?", "आवाज येतोय का?" यातच गेली. छोट्या मोबाइलवर नकाशा नीट दिसत नव्हता, कारण ही साधनं मुळात संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी सोयीची आहेत. दुसऱ्या शनिवारी मी ते सगळं बाजूला ठेवलं. एक फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला आणि साधा व्हिडिओ कॉल लावला.

तरी अडचण राहिलीच. चौघं इथे हसायची आणि ती तिकडे "काय झालं?" विचारत राहायची. चौघं एकत्र आणि एक जण पडद्यावर असेल तर पडद्यावरचं मूल बघता बघता प्रेक्षक होऊन जातं. त्यावर आम्ही तीन उपाय केले. प्रत्येक प्रसंगात पहिला प्रश्न तिला विचारायचा. टेबलावर जे घडतं ते एका मुलाने तिला शब्दांत सांगायचं (त्या मुलाचं वर्णनलेखन बरंच सुधारलं, हा वरचा फायदा). आणि तिच्या चिठ्ठ्या तिनेच, तिच्या घरी काढायच्या.

तिसऱ्या उपायावर एकाने लगेच शंका काढली. "आपल्याला दिसणारच नाही. ती २० सांगेल की!" मी म्हटलं, बघू या. पुढच्याच खेळात पकडलेल्या वैद्याला सोडवायला हेर पुढे गेली. १० हवे होते. तिकडे डबा खुळखुळला, मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि आवाज आला, "दोन." वैद्य सुटला नाही. चौघांपैकी कुणीही कुरकुर केली नाही. शंका काढणारा मुलगा म्हणाला, "चल, आता तुलाही सोडवायला यावं लागणार." प्रामाणिकपणावरचा माझा कुठलाही पाठ इतका नीट पोचला नसता.

अजून एक गोष्ट लिहायला हवी. आमच्यातला एक मुलगा वर्गात फारसं बोलत नाही. पावसामुळे एका शनिवारी आम्ही सगळेच घरून खेळलो. त्या दिवशी त्याने आपल्या पात्राचे संवाद लिहून पाठवले, आणि ते सगळ्यांत सुंदर होते. समोर बसलं की प्रत्येक मूल खुलतंच, हा माझा समज त्या दिवशी मोडला.

पालकांनी काय पाहावं?

ऑनलाइन खेळ फक्त ओळखीच्या गटातच असावा. अनोळखी लोकांच्या उघड्या गटात मुलांना सोडू नये. डिस्कॉर्डच्या स्वतःच्या नियमानुसार खातं उघडायला किमान १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे सातवीतल्या बऱ्याच मुलांना ते चालतच नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून कॉल पालकांच्या फोनवरून, घरच्या मोकळ्या खोलीत आणि ठरलेल्या वेळेपुरताच करावा. तासाभराने कॉल बंद, म्हणजे बंद.

थोडक्यात ठरवायचं कसं?

मुलं एका गावात असतील तर एकत्र बसवा, पडदा मध्ये आणूच नका. कुणी दूर गेलं असेल, आजारी असेल, किंवा बोलण्यापेक्षा लिहिणं त्याला सोपं जात असेल, तर ऑनलाइनची मदत जरूर घ्या. पण फासे आणि बेरीज मुलांच्याच हातात राहू द्या. सुरुवात करायची असेल तर एका तासिकेत चार मुलं, वीस चिठ्ठ्या आणि एक बंद दरवाजा पुरेसा आहे. आत कोण आहे ते आधी ठरवू नका, मुलांनाच विचारा.

त्या आईला मी आता एवढंच सांगेन, की शनिवारी एकदा येऊन बसा. फोन फक्त एकीच्या खुर्चीवर आहे, बाकी सगळं टेबलावर आहे.