नगरची लूना आणि टू-स्ट्रोकचा हिशेब

कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली. मूळ नमुना इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडचा. कायनेटिकचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया अस्सल नगरचे. नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातली ही पन्नास सीसीची पॅडलवाली गाडी पुढे दूधवाले, मास्तर, पोस्टमन अशा सगळ्यांच्या दारात उभी राहिली. लूना चालली ती टू-स्ट्रोक इंजिनामुळे आणि मागे पडली तीही त्याच इंजिनामुळे, असं माझं मत आहे.

पिस्टन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की एक स्ट्रोक होतो. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये यशस्वी केलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रण ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं या चार कामांना चार स्ट्रोक लागतात. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत जोर एकदाच. टू-स्ट्रोकमध्ये तो प्रत्येक फेऱ्याला मिळतो. इंग्रज अभियंता जोसेफ डे याने १८९० च्या सुमारास त्याची जी सोपी रचना केली, तीच पुढे मोपेडमध्ये आली. तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट नावाची भोकं असतात आणि पिस्टनच येता-जाता ती उघडतो, झाकतो. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो, तेव्हाच खाली क्रँककेसमध्ये ताजं मिश्रण ओढलं जातं. खाली येताना तेच वर ढकललं जातं. भाग कमी, वजन कमी, किंमत कमी. पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेल्या खेड्यातल्या मेकॅनिकलाही ते उघडता यायचं. सायलेन्सरात कार्बन धरला की आतली नळी काढून जाळात भाजायची, की गाडी पुन्हा मोकळी.

मग प्रत्येक फेऱ्याला जोर मिळूनही ताकद फोर-स्ट्रोकच्या दुप्पट का नाही? खोट इथेच आहे. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धुराचं पोर्टही उघडंच असतं. त्यामुळे १५ ते ४० टक्के मिश्रण न जळताच सायलेन्सरातून निघून जाऊ शकतं. शिवाय क्रँककेस मिश्रणाच्या वाटेवर असल्याने तिथे वेगळं ऑइल साठवता येत नाही. ते पेट्रोलबरोबरच पाठवावं लागतं आणि जळतं. निळा धूर त्याचाच. इमामपूर घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला, तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्या गाडीत पेट्रोलसोबत ऑइलही आटतं, हा धोका वेगळाच. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली आपल्या जागी राहतं आणि पेट्रोलही कमी लागतं.

१९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटरसायकल सीडी १०० आली, तेव्हा हा फरक पेट्रोलच्या बिलात दिसू लागला. निर्णायक दणका मात्र कायद्याने दिला. दुचाकीसाठी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा १९९६ ला किलोमीटरमागे ३.६ ग्रॅम होती. २००० ला ती २ ग्रॅमवर आली. न जळलेलं पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन, त्यामुळे टू-स्ट्रोकला इथे पळवाट उरली नाही. सायलेन्सरात धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने काही वर्षं निभावलं, इतकंच. योगायोग असा की वाहनांना मान्यता देण्यासाठी चाचण्या घेणारी डीआरडीओची ‘व्हीआरडीई’ ही संस्थाही नगरचीच. मोपेडांत टिकून राहिलेल्या टीव्हीएस एक्सएलनेही २०१५ मध्ये फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं. २०२४ ला लूना परतली, पण विजेवर; तिच्यात पिस्टनच नाही.

तरी टू-स्ट्रोक नगर जिल्ह्यातून गेलेलं नाही. डाळिंबाच्या बागेतले पाठीवरचे फवारणी पंप आणि गवत कापायची यंत्रं पाहा, बऱ्याच ठिकाणी ते आहेच. मात्र अलीकडे तसेच दिसणारे फोर-स्ट्रोक पंपही मिळतात. तेव्हा टाकी भरण्याआधी पुस्तिका बघा. टू-स्ट्रोकमध्ये सांगितलेल्या प्रमाणात टू-टी ऑइल मिसळा. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होईल. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल साधंच घाला आणि ऑइलची पातळी वेगळी तपासा.