किण्वाच्या पोटी रंग कसा उपजतो

अंड्याचा बलक गर्द पिवळा असावा अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. परंतु तो रंग कोंबडी स्वतः निर्माण करू शकत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पिवळा मका किंवा लसूणघास तिच्या पोटात गेला, म्हणजेच बलकास रंग चढतो. अशा रंगाचा आणखी एक पुरवठादार म्हणजे किण्व, अर्थात् यीस्ट. पाव फुगविणारे किण्व फिकट असते. तथापि त्याच्या काही भाऊबंदांच्या ठायी उत्तम रंग उपजतो. तो कसा, व शेतकऱ्यास त्याचे प्रयोजन काय, ह्याचा येथे विचार करू.

हर्मन फाफ ह्या शास्त्रज्ञास व त्याच्या सहकाऱ्यांस जपानात व उत्तर अमेरिकेत झाडांच्या पाझरणाऱ्या रसात एक तांबूस किण्व आढळले. १९७६ साली त्यास फाफिया रोडोझायमा असे नाव मिळाले. सामन माशाच्या मांसास जे रंगद्रव्य तांबूस करते, तेच अ‍ॅस्टाझँथिन ह्या किण्वातही असते.

ह्या रंगाचा कच्चा माल साखर होय. किण्व साखर मोडून तिचे दोन कार्बन-अणूंचे तुकडे करते. असे तीन तुकडे जोडून व एक कार्बन वायुरूपाने सोडून पाच अणूंची एक वीट बनते, आणि आठ विटांची चाळीस अणूंची साखळी होते. ही साखळी प्रथम रंगहीन असते. पुढे विकरे, म्हणजे एंझाइमे, तिच्यातील हायड्रोजन काढून घेतात, तेव्हा टोमॅटोचा तांबडा रंग प्रकटतो. दोन्ही टोके वळून कडी झाली की गाजराचा नारिंगी रंग येतो, व त्यात प्राणवायूचे चार अणू बसले की अ‍ॅस्टाझँथिन सिद्ध होते.

हा रंग केवळ शोभेचा नव्हे. प्राणवायूच्या उग्र रूपांपासून पेशीचे रक्षण करणारे ते कवच आहे. म्हणूनच त्याच्या उत्पत्तीस भरपूर हवा लागते. साखर एकदम ओतली व हवा तोकडी पडली, तर तीच साखर मद्यार्काच्या वाटेने जाते. साखर थोडीथोडी व हवा सढळ, हेच ह्या मशागतीचे मर्म.

आपल्याकडील साखर कारखान्यांत जी मळी मद्यार्कासाठी वापरतात, तिच्यावरही हे किण्व वाढते. मग हा धंदा घरोघर का निघू नये? अडचण हवामानाची आहे. त्यास सुमारे २० अंश सेल्सिअस उष्णता मानवते. आपल्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही. थंडावा व हवा ह्यांचा खर्च सोसेल अशा कारखान्याचेच हे काम. शिवाय रानटी वाणात रंगाचे प्रमाण फारच अल्प, एक किलो सुक्या किण्वात अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर, असते. म्हणून बियाण्याप्रमाणेच ह्याचेही निवडक वाण करावे लागतात.

असे किण्व खाद्यात घालण्यास विकत घेताना दोन गोष्टी ध्यानी धराव्या. पेशीचे जाड कवच फोडलेले नसेल, तर रंग कोंबडीच्या अंगी न लागता विष्ठेवाटे निघून जातो. म्हणून कवच फोडलेले आहे किंवा कसे, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. दुसरे असे की, बलकाचा गडदपणा म्हणजे पौष्टिकता नव्हे. फिकट अंड्यातही प्रथिने कमी नसतात. गिऱ्हाईक रंगास जादा दाम देत असेल तरच हा खर्च करावा. एरवी पिवळा मका व हिरवा चारा ह्यांवरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे होय.