‘फॅसाइल’ या विशेषणाचा अर्थापकर्ष

इंग्रजी समीक्षाग्रंथांचे मराठीत भाषांतर करताना ‘फॅसाइल’ हे विशेषण अनेकदा चकविते. त्याचा धात्वर्थ ‘सोपे’ एवढाच आहे. परंतु त्यावर विसंबून ‘फॅसाइल’ उपपत्तीस ‘सुलभ उपपत्ती’ म्हटले, की मूळ लेखकाने ठेवलेल्या दोषाची प्रशस्ती होऊन बसते. म्हणून या शब्दाच्या अर्थच्छटांची फोड करणे अगत्याचे आहे.

लॅटिन ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यावरून ‘फाकिलिस’, म्हणजे करावयास सोपे. त्याच्या उलट ‘दिफ्फिकिलिस’. धातू निराळा असला, तरी अर्थाची घडण आपल्या ‘सुकर’ व ‘दुष्कर’ या जोडीसारखीच आहे. इंग्रजीत हा शब्द प्रारंभी निर्दोष होता. पुढे तो व्यक्तीलाही लागू झाला. मिल्टनने ‘पॅरडाइज रिगेन्ड’ (१६७१) या काव्यात ईव्हला हे विशेषण लाविले आहे. तेथे ‘सहज वश होणारी’ असा अर्थ घ्यावा लागतो. स्कॉटलंडच्या कायद्यातही मनाच्या दुबळेपणामुळे दुसऱ्याच्या भरीस पडणाऱ्या व्यक्तीस हा शब्द योजतात.

विचार, युक्तिवाद व लेखन यांच्या संबंधात मात्र आज तो बहुधा निंदाव्यंजक आहे. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. विषय सोपा आहे, असे हा शब्द सांगत नाही. विषय कठीण असूनही लेखकाने त्या काठिण्याशी झुंज दिलेली नाही, असे तो सुचवितो. सुबोध विवेचन अडचणी ओलांडून येते. ‘फॅसाइल’ विवेचन त्यांना वळसा घालते. ‘ग्लिब’ हा शब्द मुख्यतः जिभेच्या गुळगुळीतपणाविषयी असतो, ‘सुपरफिशल’ खोलीच्या अभावाविषयी. ‘फॅसाइल’चा रोख टाळलेल्या श्रमावर असतो.

जुना अर्थ अगदीच लोपलेला नाही. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांच्या क्रीडावृत्तांत ‘फॅसाइल’ विजय म्हणजे केवळ अनायास मिळालेला विजय. त्यात विजेत्याची निंदा नसते.

तेव्हा सर्वत्र एकच प्रतिशब्द चालणार नाही. विजयास ‘अनायास’, लेखणीस प्रसंगानुसार ‘सहज चालणारी’, आणि निष्कर्षास ‘सवंग’ म्हणावे. ‘सवंग’ हा शब्दही ‘स्वस्त’ या साध्या अर्थापासून अशाच मार्गाने खाली उतरलेला असल्यामुळे या स्थळी तो विशेष समर्पक ठरतो.