मारांगेचा हिरा, सुरतची घंटी

एखादे सरकार स्वतःच्याच नागरिकांवर अत्याचार करू लागले, तर बाहेरच्या देशांच्या हाती साधने मोजकीच असतात: निषेधाचे खलिते, संयुक्त राष्ट्रांतला ठराव, मंत्र्यांवर प्रवासबंदी आणि मालावर व्यापारबंदी. व्यापारबंदी एकट्या देशाने घातली तर माल दुसऱ्या वाटेने निघून जातो. म्हणून मित्रदेश आधी आपसांत बोलतात आणि मग मिळून दबाव आणतात. हिऱ्यांच्या बाबतीत हा प्रयोग गेल्या पाव शतकात वारंवार झाला आणि प्रत्येक वेळी त्याची झळ सुरतेला लागली. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर 10 हिऱ्यांपैकी सुमारे 9 हिरे याच शहरातून जातात. वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत घंटीभोवती, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकाभोवती, बसणारे रत्नकलाकार बहुतेक अमरेली-भावनगरकडचे असतात.

कच्चा हिरा खाणीतून निघतो तेव्हा तो कुठला हे सांगता येते. अँटवर्प, दुबई किंवा मुंबईत आकार, रंग आणि शुद्धतेप्रमाणे त्याची निवड झाली की वेगवेगळ्या देशांचे खडे एकाच पुडीत येतात. त्यानंतर तो सायबेरियाचा की आफ्रिकेचा हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सरकारांवर हिऱ्यांच्या मार्गाने दबाव आणण्यात सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

1990 च्या दशकात अंगोलातील युनिटा आणि सिएरा लिओनमधील आरयूएफ या बंडखोर संघटनांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1998 मध्ये अंगोलाच्या आणि 2000 मध्ये सिएरा लिओनच्या बेकायदा हिऱ्यांवर बंदी घातली. मे 2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावी सरकारे, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. त्यातून उभी राहिलेली ‘किंबर्ली प्रक्रिया’ ही प्रमाणपत्र योजना 1 जानेवारी 2003 पासून लागू झाली. सरकारी प्रमाणपत्राशिवाय आणि मोहोरबंद पेटीशिवाय कच्चा हिरा सीमा ओलांडू शकत नाही, असा तिचा नियम आहे. भारतात ही प्रमाणपत्रे रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषद देते.

योजनेत दोन उणिवा पहिल्या दिवसापासून होत्या. वैध सरकार उलथवू पाहणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा तोच ‘संघर्षाचा हिरा’, अशी तिची व्याख्या. सरकारनेच खाणीवर गोळ्या झाडल्या तर काय, याचे उत्तर त्या व्याख्येत नाही. दुसरे म्हणजे सगळे निर्णय सर्वसंमतीने घ्यायचे. एका देशाची हरकतही ठराव अडवू शकते. या दोन्ही उणिवा झिंबाब्वेत उघड्या पडल्या.

झिंबाब्वेच्या पूर्व सरहद्दीजवळ, मुतारे शहराच्या दक्षिणेस मारांगे हा कोरडा, गरीब टापू आहे. 2006 मध्ये तिथे जमिनीलगत हिरे सापडल्याचे कळले आणि महागाईने मोडलेल्या देशातून हजारो माणसे कुदळ-फावडी घेऊन तिकडे धावली. सरकारने आधी पोलीस पाठवले. 27 ऑक्टोबर 2008 रोजी लष्कर उतरले आणि हेलिकॉप्टरमधून खोदणाऱ्यांवर गोळीबार झाला. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने जून 2009 च्या अहवालात 200 हून अधिक लोक मारले गेल्याचे नोंदवले. त्यानंतर लष्कराच्या पहाऱ्याखाली गावकऱ्यांना, मुलांनासुद्धा, खाणीत जबरदस्तीने राबवल्याच्या साक्षीही त्यात आहेत.

2008 चे लक्ष्मीपूजन 28 ऑक्टोबरला, मारांगेत लष्कर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, होते. सुरतेतले कारखाने दिवाळीच्या सुट्टीसाठी बंद झाले आणि जागतिक मंदीमुळे त्यातले अनेक सुट्टीनंतर उघडलेच नाहीत. हजारो रत्नकलाकार गावी परतले. मारांगेत खोदणारा आणि वराछात घासणारा, दोघेही एकाच साखळीच्या सगळ्यात कमी मिळकतीच्या टोकांवर होते. तिच्या मधल्या कड्यांना ना गोळी लागली, ना उपासमार.

सुरतेचा संबंध एवढ्यावर थांबत नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुरतेत दोन लेबनानी नागरिकांना सुमारे 3,600 कॅरट कच्च्या हिऱ्यांसह पकडण्यात आले होते आणि तो माल झिंबाब्वेचा असल्याचे पुढे आले. 2008 मध्ये किंबर्ली प्रक्रियेचे अध्यक्षपद भारताकडे होते. चोरट्या मालाचा पुरावा अध्यक्षाच्याच घरी सापडला होता.

झिंबाब्वेवर पाश्चात्त्य देशांचा एकत्रित दबाव त्याआधीपासून होता. युरोपीय संघाने 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर प्रवासबंदी घातली, मालमत्ता गोठवल्या. राष्ट्रकुलाने त्याच वर्षी झिंबाब्वेचे सदस्यत्व स्थगित केले. हिंसक निवडणुकीनंतर, 11 जुलै 2008 रोजी, सुरक्षा परिषदेत निर्बंधांचा ठराव आला. नऊ मते मिळूनही तो पडला, कारण रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. मग अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय देशांनी मोर्चा किंबर्लीकडे वळवला.

नोव्हेंबर 2009 मध्ये नामिबियातील स्वाकोपमुंड येथे तडजोड झाली. झिंबाब्वेला निलंबित करायचे नाही, पण मारांगेचा प्रत्येक निर्यात-माल दक्षिण आफ्रिकेचे निरीक्षक अॅबी चिकाने यांनी तपासल्याखेरीज बाहेर जाऊ द्यायचा नाही, असे ठरले. हा खरा दबाव होता आणि त्याने काही काळ काम केले. जून 2010 मध्ये मुतारेतील कार्यकर्ते फराई मागुवू यांना अटक झाली. मारांगेतील अत्याचारांची माहिती ते गोळा करत होते. त्या महिन्यातली तेल अवीवची बैठक त्यामुळे निर्णयाविना संपली. पुढच्या महिन्यात सेंट पीटर्सबर्गला मर्यादित विक्रीची मुभा मिळाली, मागुवू सुटले आणि नंतर त्यांच्यावरचे आरोपही मागे घेतले गेले. एका माणसाची सुटका हे या सगळ्या वाटाघाटींचे सगळ्यात स्पष्ट फलित म्हणावे लागेल, आणि ते लहान नाही.

शेजारी आफ्रिकी देशांना मात्र हा दबाव वसाहतवादाची नवी आवृत्ती वाटत होता. भारताचा कलही त्यांच्याकडे होता. मानवी हक्क हा किंबर्लीच्या कक्षेतला विषय नाही, ही भूमिका कागदावर बिनचूक होती. तिच्यामागे सुरतेची कच्च्या मालाची भूकही होती. 2010 मध्येच सुरतेच्या कारखानदारांचा एक गट झिंबाब्वेशी थेट खरेदीचे करार करत होता. पुढच्या जूनमध्ये किन्शासात किंबर्लीचे तेव्हाचे अध्यक्ष मॅथ्यू याम्बा यांनी निर्यातीला संमती झाल्याचे जाहीर केले, तेव्हा अमेरिका, युरोपीय संघ आणि कॅनडाने ती मानण्यास नकार दिला. नोव्हेंबर 2011 मध्ये अखेर तेही वळले आणि मारांगेच्या कंपन्यांना निर्यातीची वाट मोकळी झाली. किंबर्लीच्या उभारणीत पुढे असलेली ग्लोबल विटनेस ही संस्था डिसेंबरमध्ये बाहेर पडली.

दबाव टाकणाऱ्यांची फळी नंतर आतूनही फुटली. झिंबाब्वेच्या सरकारी खाण महामंडळावर अमेरिका आणि युरोप या दोघांचे निर्बंध होते. बेल्जियमला ते नको होते, कारण अँटवर्पचा व्यापार दुबईकडे सरकत होता. ब्रिटनने विरोध केला, पण सप्टेंबर 2013 मध्ये युरोपीय संघाने महामंडळाचे नाव यादीतून वगळले आणि डिसेंबरमध्ये मारांगेचे हिरे अँटवर्पमध्येच लिलावाला आले. अमेरिकेचे निर्बंध कायम होते. ऑक्टोबर 2019 मध्ये तिच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून मारांगेचा माल अडवण्याचा वेगळा आदेशही काढला.

त्याच वर्षी किंबर्लीचे अध्यक्षपद पुन्हा भारताकडे होते. सरकारी दले आणि खासगी सुरक्षारक्षकांची हिंसाही व्याख्येत यावी, हा प्रस्ताव नोव्हेंबरच्या नवी दिल्लीतील बैठकीतही मान्य झाला नाही.

रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मित्रदेशांनी किंबर्लीबाहेरचा मार्ग धरला. जगातील कच्च्या हिऱ्यांचा सुमारे तिसरा हिस्सा रशियाचा आणि तो काढणारी मुख्य कंपनी अलरोसा. जी-7 देशांनी 1 जानेवारी 2024 पासून रशियातून थेट येणारे हिरे बंद केले. 1 मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेले एक कॅरट व त्याहून मोठे रशियन हिरेही बंद झाले आणि सप्टेंबरमध्ये ही मर्यादा अर्ध्या कॅरटवर आली. तिसरा देश म्हणजे व्यवहारात भारत. मोठ्या निर्यातदारांनी खाणीपासूनचा माग ठेवणाऱ्या यंत्रणा बसवल्या. मिश्र पुड्या विकत घेणाऱ्या छोट्या कारखान्यांना प्रत्येक खड्याचा उगम कागदावर दाखवणे अवघड गेले. मागणीतली घट आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांची स्पर्धा आधीच होती. रत्न व आभूषण निर्यात परिषदेने मध्य-ऑक्टोबर ते मध्य-डिसेंबर 2023 या दोन महिन्यांत कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबवायला सांगितले होते. जी-7च्या ज्या बैठकांत बंदीच्या तारखा ठरल्या, त्यांत घंटीवर बसणाऱ्यांचा प्रतिनिधी नव्हता, आणि ही त्या धोरणाची गंभीर उणीव आहे. पुढे जुलै 2024 मध्ये रत्नकलाकारांच्या संघटनेला सुरतेत आत्महत्या रोखण्यासाठी मदतवाहिनी सुरू करावी लागली.