कालवड जगली तरच गोठा वाढेल

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव पडला, की घराला आधार गोठ्यातल्या दुधाचाच. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला 'बाएफ' संस्था काढली आणि पुढं संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात आणली. पण वासरू जगवणं आपल्याच हाती आहे.

वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, हा समज सोडा, असं आमचं सांगणं आहे. रोगाशी झुंजायची शक्ती चिकातूनच येते. एक दिवस उलटला, की वासराचं आतडं ती घेत नाही. २५ किलोच्या वासराला पहिला चीक दोन तासांच्या आत, दिवसभरात अडीच लिटर पाजावा. खरवस मागाहून! नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

आता हिशेब पाहू. संकरित कालवड २५० किलोंची झाली, की भरवण्याजोगी होते. रोज अर्धा किलो वाढली तर १५ महिने लागतात. पाव किलो वाढली तर ३० महिने. म्हणजे सव्वा वर्षाचा चारा फुकट!

गळीत हंगामात वाढे मुबलक मिळते; पण नुसत्या वाढ्यावर कालवड खुरटते. जोडीला लसूणघास, पेंड, खनिज मिश्रण द्या, आणि जंताचं औषध चुकवू नका.